एका आकड्यामागचे आकडे

रस्त्याने हिंडत मोबाइलवर काल्पनिक प्राणी पकडण्याचा 'पोकेमॉन गो' हा खेळ तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. त्यातील एकाच जातीच्या, एकाच पातळीच्या दोन पिकाचूंचे बळ सारखेच असेल असे नाही. कारण आक्रमण, बचाव आणि दम या तीन गुणांसाठी प्रत्येकाला ० ते १५ पैकी एकेक अंक मिळालेला असतो. २०१९ पासून हे अंक पट्ट्यांच्या रूपात दाखविले जातात. पूर्वी ते गुप्त असत. मग खेळाडूंनी ते शोधले कसे?

पडद्यावर 'एचपी', म्हणजे मार सोसण्याची क्षमता दिसते. तिचे सूत्र असे: (जातीचा मूळ दम + गुप्त अंक) × पातळीचा गुणक. उत्तरातील अपूर्णांक सोडून द्यायचा. पिकाचूचा मूळ दम १११ आणि विसाव्या पातळीचा गुणक ०.५९७४ आहे. समजा, एचपी ७० दिसले. म्हणजे खरे उत्तर ७० किंवा अधिक, पण ७१ हून कमी. ०.५९७४ ने भागल्यास कंसातील बेरीज ११७.१७ ते ११८.८५ यांच्या दरम्यान येते. त्यात पूर्णांक एकच, ११८. म्हणून गुप्त अंक ७.

हाच पिकाचू पहिल्या पातळीवर असता तर? तेथे गुणक ०.०९४. गुप्त अंक ० ते ६ असल्यास एचपी १०, आणि ७ ते १५ असल्यास ११. सोळा शक्यतांचे दोनच गट! मीटरपट्टीने तारेचा व्यास मोजावा, तसे हे झाले. लघुतम माप मोठे असले की बारीक फरक दिसत नाहीत.

आता 'सीपी' ही एकूण बळाची संख्या घेऊ. ती तिन्ही गुणांवरून काढतात. दम कळला तरी आक्रमण व बचाव यांच्या १६ × १६ = २५६ जोड्या उरतात. आपल्या पिकाचूचे आक्रमण १ ने वाढले तर सीपी सुमारे ४ ने वाढते, बचाव १ ने वाढला तर सुमारे २ ने. म्हणून अनेक जोड्यांचे सीपी एकच येते. एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत. यावर उपाय म्हणजे पातळी वाढवून पुन्हा वाचन घेणे आणि दोन्ही वेळा जुळणाऱ्या जोड्याच ठेवणे.

हाच विचार खेळाबाहेर नेऊ. मुंबईत माहुलजवळ तेलशुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या टाक्या आहेत. हवा कशी आहे हे पाहण्यासाठी आपण 'हवा गुणवत्ता निर्देशांक' वाचतो. तोही एकत्रित आकडा आहे. धूलिकण, ओझोन, सल्फर डायऑक्साइड अशा आठ प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत मोठा तोच निर्देशांक धरतात. बाकीचे त्यामागे झाकले जातात. केंद्राच्या सविस्तर नोंदीत ते सापडू शकतात.

पण पेट्रोलच्या वाफेत असणारे बेंझिन त्या आठांत नाही. निर्देशांक शंभर वेळा वाचला तरी बेंझिन किती, हे कळणार नाही. ते वेगळेच मोजावे लागते. माहुल, आंबापाडा व चेंबूर भागातील अशाच बाष्पनशील सेंद्रिय संयुगांच्या प्रदूषणावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० मध्ये निकाल दिला.

सूत्रात असलेला अंक युक्तीने शोधता येतो. सूत्रात नसलेला मात्र कोणत्याही युक्तीने सापडत नाही. म्हणून आकडा हाती आला, की त्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, हे आधी विचारावे.

करून पाहा: विसाव्या पातळीवरील पिकाचूचे एचपी ७४ असेल, तर दमाचे गुप्त अंक कोणते असू शकतील? (उत्तर: १३ किंवा १४)