पान आपल्या जागी

विद्यार्थी मित्रांनो, अंधेरी पूर्वेच्या गुंदवली स्थानकावर तुम्ही कधी गेला असाल, तर फलाटाच्या कडेला असलेली अर्ध्या उंचीची दारे तुम्ही पाहिली असतील. दहिसर ते अंधेरी या मेट्रो ७ च्या मार्गाचा पहिला टप्पा २०२२ साली सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये गाडी गुंदवलीपर्यंत धावू लागली. गाडी थांबली, की तिचे दार आणि फलाटाचे दार समोरासमोर येते. समजा, गाडी चार हात पुढे जाऊन थांबली. गाडीत बिघाड नाही, फलाट धड आहे, प्रवासीही ठीक आहेत. तरीही उतरायला वाट मिळत नाही, कारण गाडीच्या दारासमोर आडोसा आला आहे.

वस्तू नेमून दिलेल्या खुणेवर असणे, याला संगणकाच्या व्यवहारात ‘अलाइनमेंट’ म्हणतात. ही कल्पना तुम्हांला नवी नाही. नमाजासाठी उभे राहताना ‘सफ सीधी करो’ असे सांगितले जाते. एक जण अर्धे पाऊल पुढे उभा राहिला, तर तो सफेत असूनही सफ वाकडी होते. संगणकात ठेवलेल्या नोंदींचेही असेच असते. अशी एक नोंद अर्धे पाऊल सरकली तर काय होते आणि ती पुन्हा जागेवर कशी आणतात, हे आज आपण पाहू.

प्रथम नोंद म्हणजे काय ते समजून घेऊ. शाळेच्या ग्रंथालयात कपाटांत पुस्तके असतात आणि टेबलावर एक नोंदवही असते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, किती पानांचे, कधी आले, हे त्या वहीत लिहिलेले असते. वही हरवली तर पुस्तके जळत नाहीत; पण हजारो पुस्तकांतून हवे ते पुस्तक काढणे कठीण होते. संगणकाच्या डिस्कवरही असेच दोन भाग असतात. तुमचा निबंध, घरातील लग्नाची छायाचित्रे, आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ही झाली मूळ माहिती. तिचे नाव काय, आकार किती आणि ती डिस्कवर कोठे ठेवली आहे, ही झाली माहितीविषयीची माहिती. तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. उर्दू पुस्तकाच्या सुरुवातीला फेहरिस्त असते, तशी ही डिस्कची फेहरिस्त होय. ती ठेवण्याच्या सगळ्या व्यवस्थेला ‘फाइल सिस्टिम’ असे नाव आहे.

लिनक्स या संगणकप्रणालीत अनेक फाइल सिस्टिम वापरता येतात. त्यांपैकी एकीचे नाव ‘बीटीआरएफएस’. ओरॅकल या कंपनीत काम करणाऱ्या क्रिस मेसन यांनी ती २००७ साली जाहीर केली आणि २००९ साली तिचा लिनक्समध्ये समावेश झाला. आपण ज्या दोषाची गोष्ट पाहणार आहोत, तो या फाइल सिस्टिममध्ये आढळला.

बीटीआरएफएसच्या नोंदवहीचे एक पान साधारणपणे १६ किलोबाइटचे असते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोन महत्त्वाच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे त्या पानाचा स्वतःचा पत्ता आणि दुसरी म्हणजे ‘चेकसम’. वाण्याच्या बिलाखाली बेरीज लिहिलेली असते. वरचा एखादा आकडा पुसला गेला, तर बेरीज जुळत नाही आणि चूक लगेच कळते. चेकसमचे काम असेच आहे. पानावरचा मजकूर किंचित जरी बिघडला, तरी हिशेब जुळत नाही आणि संगणक सावध होतो.

हा हिशेब तपासण्यासाठी ‘स्क्रब’ नावाचा पहारेकरी असतो. तो डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो आणि प्रत्येक पानाचा चेकसम पुन्हा काढून पाहतो. जेथे नोंदींच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, तेथे एक प्रत बिघडल्यास तो दुसरीवरून ती दुरुस्त करतो. मात्र त्याच्या कामाची एक ठरलेली रीत होती. तो एका वेळी ६४ किलोबाइटची एक पट्टी घेई, ती तपासून संपवी आणि मगच पुढची पट्टी हाती घेई.

आता थोडे गणित करू. ६४ ला १६ ने भागले, की ४ येतात. म्हणजे एका पट्टीत नोंदवहीची चार पाने बरोबर बसतात. ६४ पासून १२८ पर्यंतची पट्टी घ्या. पहिले पान ६४ ते ८०, दुसरे ८० ते ९६, तिसरे ९६ ते ११२ आणि चौथे ११२ ते १२८. एकही पान पट्टीबाहेर जात नाही.

पण पहिले पान ६४ ऐवजी ६८ वर सुरू झाले तर? पाने अशी पडतात: ६८ ते ८४, ८४ ते १००, १०० ते ११६ आणि ११६ ते १३२. चौथ्या पानाकडे नीट पाहा. त्याचे १२ किलोबाइट या पट्टीत आहेत आणि उरलेले ४ किलोबाइट पुढच्या पट्टीत गेले आहेत. चेकसम तर पूर्ण पानाचा असतो. पाऊण पानावरून तो काढता येत नाही. म्हणून पहारेकरी ते पान न तपासताच पुढे जाई आणि ‘हे पान दोन पट्ट्यांत पसरले आहे, म्हणून सोडले’ अशा अर्थाची एक ओळ संगणकाच्या रोजनाम्यात लिहून ठेवी. हा रोजनामा सामान्य माणूस सहसा उघडत नाही.

या दोषातील खरा धोका येथे आहे. पान फाटलेले नव्हते. त्यावरचा मजकूर बरोबर होता. फाइली उघडत होत्या, छायाचित्रे दिसत होती. मात्र ते पान पहाऱ्याच्या बाहेर राहिले होते. डिस्क जुनी होऊन उद्या त्याची एक प्रत बिघडली असती, तरी तपासणीत ते कळले नसते. नंतर दुसरीही बिघडली असती, तर त्या पानावर ज्या फाइलींचे पत्ते होते, त्या सापडल्या नसत्या.

हे वाकडे पान आले कोठून? जुनी एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम असलेली डिस्क तिच्यावरील फाइली न हलवता बीटीआरएफएसमध्ये बदलून देणारे एक साधन आहे. भरलेल्या घरात नवे कपाट बसवावे, तसे हे काम. जेथे मोकळी जागा सापडेल तेथेच नव्या नोंदवहीची पाने ठेवावी लागतात. जुन्या व्यवस्थेत जागा सामान्यतः ४ किलोबाइटच्या मापाने दिलेली असते. त्यामुळे मोकळी जागा ६८ वर सुरू होऊ शकते, ७२ वर किंवा ७६ वरही. या साधनाच्या काही जुन्या आवृत्त्या जागा मोकळी आहे एवढेच पाहत आणि पाने मांडत. ती जागा पट्टीच्या खुणेवर आहे की नाही, हे त्या पाहत नसत.

‘दुरुस्ती’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील ‘दुरुस्त’ मराठीतही रुळला आहे. ही दुरुस्ती तीन पायऱ्यांनी झाली.

पहिली पायरी शोधण्याची. डिस्कची तपासणी करणाऱ्या साधनाला एक नवा प्रश्न शिकवला गेला: पान पट्टीची सीमा ओलांडते का? हे साधन आपण होऊन डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त वाचते. दोष कोठे व किती आहे हे कळण्याआधी लिहायला सुरुवात केली, तर चांगली पानेही बिघडू शकतात.

दुसरी पायरी नवी चूक थांबवण्याची. डिस्क बदलून देणाऱ्या साधनाला असा नियम घालून देण्यात आला, की नोंदवही ठेवण्याची जागा ६४ च्या पटीतच सुरू झाली पाहिजे. मोकळी जागा ६८ वर सुरू होत असेल, तर पुढची पट १२८ आहे; तेथून प्रारंभ करावा. यात ६० किलोबाइट जागा नोंदवहीच्या उपयोगी पडत नाही. पण पाने पहाऱ्यात राहावीत म्हणून एवढी किंमत मोजणे योग्यच आहे. नळ वाहत असताना फरशी पुसून उपयोग नसतो. आधी नळ बंद करावा लागतो. म्हणून जुनी पाने हलवण्यापूर्वी ही पायरी आवश्यक होती.

तिसरी पायरी जुन्या पानांची. तुम्हांला वाटेल, ६८ वरचे पान चार किलोबाइट मागे सरकवले की झाले. तसे करता येत नाही. मागच्या चार किलोबाइटमध्ये कोणाचे छायाचित्र असू शकते. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्याचा पत्ता आहे आणि तोच पत्ता त्याच्या वरच्या पानातही लिहिलेला आहे. पान सरकवले आणि पत्ते जुनेच राहिले, तर नोंदवहीतच गोंधळ माजेल.

म्हणून ‘बॅलन्स’ नावाची आज्ञा वापरतात. ती आधी डिस्कवर खुणेवर सुरू होणारी नवी जागा घेते. पानांची नवी प्रत तेथे लिहिते. वरच्या पानांत नवे पत्ते घालते. सर्वांत शेवटी मुख्य पान नव्या नोंदवहीकडे बोट दाखवते आणि मगच जुनी जागा मोकळी होते. मध्येच वीज गेली तरी जुनी नोंदवही तशीच शाबूत असते, कारण तिच्यावर काही खोडलेलेच नसते. या कामासाठी डिस्कवर थोडी मोकळी जागा मात्र शिल्लक असावी लागते. पुढील काळात लिनक्सच्या गाभ्यातही अशी सोय झाली, की वाचताना वाकडे पान आढळल्यास तो इशारा देतो आणि संपूर्ण मेटाडेटाचे बॅलन्स करा, असा उपायही सांगतो.

खुणा चुकण्याचा प्रकार अन्यत्रही घडला आहे. पूर्वी डिस्कवरचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरवर सुरू करण्याची पद्धत होती आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा असे. पुढे २०१० च्या सुमारास ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्क बाजारात आल्या. ६३ ला ५१२ ने गुणले, की ३२,२५६ येतात. या संख्येला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे एक तुकडा लिहायचा असला, तरी डिस्कला दोन सेक्टरांना हात लावावा लागे आणि काम मंद होई. आता पहिला विभाग सहसा २०४८ व्या सेक्टरवर सुरू करतात. २०४८ ला ५१२ ने गुणून ४०९६ ने भागा. उत्तर २५६ येते आणि बाकी काही उरत नाही. तुम्ही पाचवीत शिकलेला भागाकार येथे उपयोगी पडतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही शाळेतील संगणक कक्षात बसाल किंवा घाटकोपर, कुर्ल्यातील एखाद्या दुकानात संगणक दुरुस्त करायला शिकाल. तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. डिस्कला हात लावण्याआधी तिच्यावरील माहितीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का, तेही पाहा. ‘रिपेअर’ असे लिहिलेली आज्ञा जाणकाराला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि फाइल उघडली म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नका. तपासणीच्या रोजनाम्यात कोणते पान सोडले गेले आहे, हेही वाचा. एखाद्या घराची वीस वर्षांची छायाचित्रे त्या एका ओळीवर अवलंबून असू शकतात.

स्वाध्याय

१. पान बिघडलेले नसतानाही ते धोक्यात का होते? तुमच्या शब्दांत सांगा.
२. मोकळी जागा १४० वर सुरू होत असेल, तर नोंदवही कोणत्या आकड्यावर सुरू करावी? किती किलोबाइट जागा सोडावी लागेल?
३. जुने पान मागे सरकवण्याऐवजी त्याची नवी प्रत का करतात?
४. ‘दुरुस्त’प्रमाणे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.