शेतशिवारातील हवा आणि श्वसनाची ॲलर्जी : उगम, काळ व प्रतिबंध

मळणीचे दिवस आले की गावोगावी शिंका, खोकला आणि धाप यांच्या तक्रारी वाढू लागतात. ‘धूळ बाधली’ एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते. परंतु शिवारातील धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. तिच्यात परागकण, बुरशीचे बीजाणू, साठवणीच्या धान्यातील सूक्ष्म कोळी व त्यांची विष्ठा, जनावरांच्या त्वचेचा कोंडा आणि सुकलेल्या वनस्पतींचे कण मिसळलेले असतात. यांपैकी नेमका कोणता घटक बाधतो, तो कोठून येतो आणि कोणत्या काळात हवेत असतो, हे समजले तर त्रास पुष्कळ कमी करता येतो. यांतील अनेक घटकांचा उगम शेतात, खळ्यावर, गोठ्यात व गोदामात होत असल्यामुळे त्यांच्या नियंत्रणाचे उपायही बऱ्याच अंशी शेतीच्या व्यवस्थापनात आहेत.

ॲलर्जी कशी उद्भवते?

परागकणातील किंवा बीजाणूतील एखादे प्रथिन बहुतेकांना निरुपद्रवी असते. काही व्यक्तींची प्रतिकारयंत्रणा मात्र त्यालाच शत्रू समजते व त्याच्याविरुद्ध ‘इम्युनोग्लोब्युलिन-ई’ या प्रकारची प्रतिपिंडे तयार करते. पुढे तेच प्रथिन पुन्हा श्वासावाटे आत गेले की शरीरातील विशिष्ट पेशींतून हिस्टामिन व अन्य द्रव्ये बाहेर पडतात. परिणामी नाक वाहते, डोळे चुरचुरतात, लागोपाठ शिंका येतात. श्वासनलिका आकुंचन पावल्यास दम्याचा झटका येतो.

कणाचा आकार येथे महत्त्वाचा ठरतो. परागकण साधारणतः 15 ते 60 मायक्रॉन आकाराचे असल्याने ते बहुधा नाकात व घशात अडकतात. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू मात्र अवघे 2 ते 4 मायक्रॉनचे असतात व फुप्फुसात खोलवर पोहोचतात.

हा विषय नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 1700 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यावसायिक रोगांवरील ग्रंथात धान्य चाळणाऱ्या व मोजणाऱ्या मजुरांच्या श्वसनविकारांची नोंद केली आहे. 1873 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी गवताचे परागकण हे मोसमी नासिकाविकाराचे कारण असल्याचे प्रयोगांनी दाखविले. त्याच वर्षी डी. डी. कनिंगहॅम यांचा कोलकात्यातील हवेच्या सूक्ष्मदर्शी तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतातील वायुजीवशास्त्राचा तो आरंभ मानला जातो.

फुलांचा दोष नेमका कोणाचा?

रंगीत, सुवासिक फुलांवर ॲलर्जीचा ठपका सहज ठेवला जातो. मोहरी किंवा सूर्यफूल यांचे परागकण जड व चिकट असून ते मुख्यतः कीटकांमार्फत वाहून नेले जातात. त्यामुळे ते दूरवरच्या हवेत तुलनेने कमी आढळतात. खरा उपद्रव असतो तो वाऱ्यावर परागीभवन होणाऱ्या, नजरेत न भरणाऱ्या फुलांचा. हरळी व इतर गवते, चाकवत व माठवर्गीय तणे आणि बांधावरचा एरंड ही त्याची देशभर आढळणारी उदाहरणे होत.

प्रदेशानुसार चित्र बदलते. दिल्ली व उत्तर भारतात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वावळ वृक्षाचे परागकण त्रासदायक ठरतात. राजस्थान, गुजरात यांसारख्या कोरड्या भागांत विलायती बाभूळ हे प्रमुख कारण आहे. एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेल्या या झाडाला वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा बहर येतो. गवतांचा बहर बहुतेक ठिकाणी पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर असतो. म्हणूनच एका राज्यातील सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लागू पडत नाही.

गाजरगवत : दुहेरी संकट

तणांमध्ये गाजरगवताचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. 1950 च्या दशकात पुणे परिसरात नोंदले गेलेले हे मूळचे अमेरिका खंडातील तण आज देशाच्या बहुतेक सर्व राज्यांत पसरले आहे. उगवणीनंतर सुमारे चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते आणि एक झाड हजारो बिया निर्माण करते. त्याच्या परागकणांमुळे नासिकाविकार व दमा उद्भवतो, तर त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचादाह होतो. सुकलेल्या झाडाचे कण हवेतून अंगावर बसले, तरी संवेदनशील व्यक्तीचा चेहरा, मान व हात यांवर चट्टे उठतात.

नियंत्रणाची वेळ फुलोऱ्यापूर्वीचीच असावी. पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून झाडे मुळासकट उपटावीत. फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. बी धरलेली झाडे खड्ड्यात टाकल्यास खताबरोबर बी शेतात परतण्याचा धोका असतो. मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा 1984 पासून आपल्याकडे सोडण्यात येत आहे. पावसाळ्यात तो या तणाची पाने खाऊन फस्त करतो. पडीक जागी टाकळ्याचे बी पेरल्यास ते गाजरगवताशी स्पर्धा करून त्याला मागे सारते. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट या काळात गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. एकट्या शेतकऱ्याने आपला बांध स्वच्छ करून भागत नाही, कारण रस्त्याकडेचे व गायरानातील बी पुन्हा शेतात येते. या कामी ग्रामपंचायत व शाळा यांचा सहभाग आवश्यक आहे.

बुरशी : पिकावरून हवेत

पिकाचा रोग व माणसाचा रोग यांतील दुवा म्हणजे बुरशीचे बीजाणू. टोमॅटो व बटाट्यावरील करप्यास कारणीभूत असणारी अल्टर्नेरिया ही दम्याशी निगडित असलेल्या महत्त्वाच्या बुरशींपैकी एक आहे. ज्वारी व उसावरील काणीचे, तसेच गव्हावरील तांबेऱ्याचे बीजाणूही मोठ्या संख्येने हवेत मिसळतात. रोगट पीक मळताना हे सर्व एकाच वेळी उडते.

साठवणीत ॲस्परजिलस व पेनिसिलियम या बुरशी वाढतात. त्यांना ओलावा पुरविला नाही, तर त्यांची वाढ खुंटते. तृणधान्ये सुमारे 12 टक्के व शेंगदाण्यासारखी तेलबियाणी सुमारे 8 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवावीत. कोरड्या धान्यात सूक्ष्म कोळ्यांनाही थारा मिळत नाही.

ओल्या वैरणीचा ताप

ओलसर कडबा, पेंढा किंवा गवताची गंजी आतून तापते व त्या उष्णतेत उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीट्स जीवाणू वाढतात. अशी वैरण हलविल्यानंतर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला व धाप लागते आणि एकदोन दिवसांत सारे शमते. हाच ‘शेतकऱ्याचा फुप्फुसदाह’ होय. उसाच्या साठविलेल्या चिपाडामुळे होणाऱ्या अशाच विकारास बगॅसोसिस म्हणतात. हा विकार नेहमीच्या ॲलर्जीहून भिन्न असून शिंकांवरील गोळ्यांनी तो बरा होत नाही. न्यूमोनिया किंवा क्षयरोग समजून चुकीचे उपचार होत राहिले आणि संपर्क चालूच राहिला, तर फुप्फुसे कायमची कठीण होऊ शकतात. त्यामुळे आपण कोणते काम करतो व त्रास कामानंतर किती तासांनी सुरू होतो, हे रुग्णाने डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ढिंगरी अळिंबीच्या उत्पादकांनीही सावध राहावे. छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वी काढणी केल्यास खोलीत पसरणारे बीजाणू पुष्कळ कमी होतात. रेशीम बीजोत्पादन केंद्रांत पतंगांचे खवले, तर कुक्कुटपालनात पिसांचा व विष्ठेचा भुगा याच प्रकारे बाधतो.

प्रत्यक्ष काय करावे?

• मळणी यंत्राचा भुसा वस्तीच्या दिशेने जाणार नाही, अशा रीतीने यंत्र उभे करावे. काम करणाऱ्यांनी वारा पाठीवर घ्यावा.
• उफणणी, पाखडणे व चाळणे ही कामे बंद खोलीत करू नयेत. ती बहुधा स्त्रियांकडे असतात. म्हणून मुखपट्टी प्रथम त्यांना मिळावी.
• तोंडाला गुंडाळलेले उपरणे किंवा ओढणी सूक्ष्म बीजाणू अडवीत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारी एन-95 मुखपट्टी वापरावी.
• बुरशी लागलेली वैरण वा धान्य झटकू नये. हलविण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे व नंतर ते दूर नेऊन पुरावे.
• काम संपताच कपडे बदलून स्नान करावे; धुळीचे कपडे झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत.
• पिकांचे अवशेष व तणे जाळू नयेत. धूर हा ॲलर्जीकारक नसला, तरी आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना तो अधिक चेतवतो.
• दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांनी दिलेले श्वासावाटे घेण्याचे औषध हंगामात बंद करू नये. त्याची सवय लागते, हा समज चुकीचा आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील झाडे, तणे व पिके कोणत्या महिन्यांत फुलतात आणि मळणी केव्हा होते, याची साधी नोंदवही ठेवावी. तीच नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राला दिल्यास हंगामाआधी औषधांची तजवीज करता येईल व रुग्णांनाही पूर्वसूचना मिळेल. चंदीगडसारख्या शहरासाठी परागकण दिनदर्शिका तयार झाली आहे. गावपातळीवर तिची पहिली पायरी ही नोंदवहीच ठरू शकते. वेळेवर काढलेले तण व नीट वाळविलेले धान्य यांमुळे उत्पन्नाबरोबरच कुटुंबाचा व मजुरांचा श्वासही सुरक्षित राहतो, हा विचार प्रत्येक शेतकरी मेळाव्यातून पोहोचविणे गरजेचे आहे.