टाळ गेले, मृदंग राहिला

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात घरातल्या पेटीत अजून कॅसेटी निघतात: भजनाच्या, लग्नातल्या, प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांच्या. भजनाची जुनी कॅसेट लावली की मृदंग नीट येतो, बुवांचा आवाज येतो. टाळ मात्र जवळजवळ गायब. 'कॅसेट गेली' म्हणत ती परत पेटीत जाते. पण कित्येकदा फीत धडधाकट असते आणि टेपचं फीत वाचणारं हेड घाण झालेलं असतं.

फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या या कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी. दहा हजार हर्ट्झच्या स्वराची एक लाट तिच्यावर पाच मायक्रॉनहून कमी जागेत मावते. हेड आणि फितीमध्ये मायक्रॉनभर मळ आला, की त्या स्वराची पातळी चौथाईवर येते. मृदंगाच्या दोनशे हर्ट्झच्या घुमाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून टाळ जातात, 'स' आणि 'श' बोथट होतात, मृदंग राहतो. आकाशवाणीच्या स्पूलवरची फीत सेकंदाला १९ किंवा ३८ सेंटिमीटर धावायची. तेवढ्याच मळाने तिचं नुकसान कमी होई. स्वस्त, हळू फितीला जास्त जपावं लागतं, आणि नेमकी तीच घरोघरी होती.

मळ म्हणजे फितीवरून सुटलेलं लोखंडाचं ऑक्साइड. तो काढायला कापसाची काडी आणि पाणी नसलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. हेड आणि फीत ओढणारा कॅप्स्टनचा दांडा पुसायचा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. त्या दांड्यावर फीत दाबणाऱ्या रबरी रोलरला अल्कोहोल टाळावं, साबणाचं कोमट पाणी बरं. तो चिकट राहिला की फीत त्यात गुंडाळली जाते. बाजारातल्या कोरड्या हेडक्लीनर कॅसेटी मला कधीच पटल्या नाहीत, त्या घासतात. तेलाचा फवारा तर मारूच नये.

मोटरच्या बेल्टचा प्रश्न वेगळा. जुना रबर उन्हाळ्यात वितळून डांबरासारखा पुलीला चिकटतो. सगळं खरवडून नवा घातल्याशिवाय गाणं लहरत राहतं. आणि सहस्रकुंड धबधब्याच्या बाजूच्या दमट पावसाळ्यात फितीला पांढरी बुरशी धरली असेल, तर फीत आधी वाळवून बुरशी झटकावी. तशीच लावली तर बुरशी मशीनमध्ये पसरून पुढच्या कॅसेटला लागते.

साफ केल्यावरही टाळ आले नाहीत, तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू बघावा. ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर वाजवणाऱ्याचंही तेवढंच तिरकं हवं. कान टाळांकडे ठेवून स्क्रू केसभर फिरवायचा. आवाज उघडला की थांबायचं आणि तेव्हाच कॉपी करून घ्यायची. नंतर कंपनीची चांगली कॅसेट लावून हेड पुन्हा सरळ करावं, नाहीतर उरलेल्या सगळ्या कॅसेटी बिघडलेल्या वाटतील.