कर्लीचे तांबडे पाणी आणि भटनागरांचा डिंक

पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यांवरून वाहत येणारे पाणी कर्ली नदीला मिळते, तेव्हा कुडाळ तालुक्यातील वालावलच्या काठाशी तिचा रंग तांबूस होतो, आणि हा रंग केवळ खाली बसणाऱ्या गाळाचा नसतो. ते पाणी पेल्यात रात्रभर ठेवले तर रेती आणि जाड माती तळाशी जाते, परंतु वरच्या पाण्यातील तांबूस झाक सकाळीही कायम असते. त्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला, की थोड्याच वेळात बारीक पिसांसारखे पुंजके दिसू लागतात, ते जड होऊन खाली उतरतात आणि वर नितळ पाणी उरते. जांभ्यातील हेमटाइट व गोएथाइट ही लोहाची खनिजे झिजून तयार झालेले काही दहा ते शंभर नॅनोमीटरांचे कण या रंगामागे असतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) असे कण पाण्यात तरंगत ठेवण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये मोठा खटाटोप चालतो, कर्लीला तो करावा लागत नाही.

कणांचा आकार हे याचे पहिले कारण आहे. वीस नॅनोमीटर व्यासाचा लोह-ऑक्साइडचा कण स्थिर पाण्यात दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी अंतर खाली येतो. वीतभर उतरायला त्याला सहा-सात वर्षे लागतील, आणि पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला तेवढेही उतरू देत नाहीत. त्यामुळे अडचण वजनाची नसून चिकटण्याची आहे. दोन कण अगदी जवळ आले की रेणूंमधील आकर्षण त्यांना एकत्र ओढते आणि अशा गुठळ्या मात्र झपाट्याने खाली बसतात. याला विरोध करतो तो कणांच्या पृष्ठभागावरील विद्युतभार आणि त्याभोवती जमलेला विरुद्धभारी आयनांचा मेघ. सारख्या भाराच्या कणांचे असे दोन मेघ एकमेकांत शिरू लागले की कण दूर ढकलले जातात. या आकर्षण-प्रतिकर्षणाचे गणित देर्याग्विन आणि लांडाऊ यांनी 1941 मध्ये, तर फेरवे आणि ओव्हरबेक यांनी 1948 मध्ये मांडले.

या मेघाची जाडी पाण्यातील क्षारांवर ठरते. गोड्या नदीच्या पाण्यात ती सुमारे दहा नॅनोमीटर असते, समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहून कमी. पावसाचा जोर ओसरून भरतीचे खारे पाणी खाडीतून वर सरकले, की जिथे दोन्ही पाणी मिसळतात तिथे कणांचे संरक्षण कोसळते आणि नदीने डोंगरापासून वाहून आणलेल्या लोहाचा मोठा भाग पुंजके होऊन बाजूला पडतो. शोल्कोव्हिट्झ यांनी स्कॉटलंडमधील नद्यांचे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून ही क्रिया 1976 मध्ये दाखवली. आयनावरील भार वाढला की परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. सिद्धांतानुसार द्विभारी आयन एकभारी आयनाच्या 64 पट प्रभावी ठरतो. समुद्रातील मॅग्नेशियम व कॅल्शियम म्हणूनच महत्त्वाचे, आणि तुरटीतील त्रिभारी ॲल्युमिनियम त्याहून बलवान (तुरटीपासून तयार होणारा हायड्रॉक्साइडचा गर कणांना सोबत ओढून नेतो, हे वेगळेच).

प्रयोगशाळांतला खटाटोप अशाच कणांसाठी चालतो. नॅनोकण मिसळलेल्या द्रवांना ‘नॅनोफ्लुइड’ (नॅनोद्रव) हे नाव देऊन अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेच्या स्टीफन चोई यांनी 1995 मध्ये ते उष्णता वाहून नेणारे द्रव म्हणून पुढे आणले, आणि त्यानंतर विलक्षण उष्णतावहनाच्या दाव्यांची रीघ लागली. तीसहून अधिक संस्थांनी तेच नमुने मोजून 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत मात्र जुन्या सूत्रांपलीकडची वाढ आढळली नाही. असा द्रव तयार करताना तो ध्वनिलहरींनी घुसळला की गुठळ्या फुटतात हे खरे, पण घुसळणे थांबल्यावर कण पुन्हा चिकटणार की नाही, हे पाण्याची आम्लता, क्षार आणि कणांवरील आवरण ठरवते. ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण आम्लधर्मी पाण्यात टिकतात. पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या जवळ गेला की त्यांचा भार शून्यावर येतो आणि सगळा साठा खाली बसतो.

आवरणाचा उपाय भारतात फार पूर्वीच सिद्ध झाला होता आणि त्याचे श्रेय क्वचितच दिले जाते. शांतिस्वरूप भटनागर लाहोरच्या पंजाब विद्यापीठात असताना रावळपिंडीच्या अटक ऑइल कंपनीपुढे एक पेच उभा राहिला. तेलविहीर खोदताना विंधणीत सोडलेला चिखल भूगर्भातील खाऱ्या पाण्याला भिडला की घट्ट होऊन दगडासारखा बसे आणि काम ठप्प होई. चिकणमाती म्हणजे सिलिकॉन व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म पापुद्रे, त्यामुळे हा प्रश्न यंत्रांचा नसून कलिलांचा, म्हणजे द्रवात विखुरलेल्या सूक्ष्म कणांचा आहे, हे भटनागरांनी ओळखले आणि चिखलात भारतीय डिंक मिसळला. डिंकाच्या लांब साखळ्या कणांना बिलगल्या, चिखल पातळ झाला आणि खाऱ्या पाण्यातही फुटेनासा झाला. कंपनीने खूश होऊन देऊ केलेले दीड लाख रुपये त्यांनी स्वतःकडे न ठेवता विद्यापीठातील संशोधनाकडे वळवले. पुढे ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि त्यांच्या नावाच्या विज्ञान पुरस्काराने त्यांच्या कलिलविज्ञानाला झाकून टाकले.

कर्लीच्या कणांवरही आवरण असतेच, ते कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातील ह्युमिक आम्लांचे. ते मुख्यतः आपल्या ऋणभाराच्या बळावर कणांना वेगळे ठेवते, म्हणून खाऱ्या पाण्यात निकामी होते. डिंकासारखे लांब बहुलक भारापेक्षा आपल्या जाडीने कणांना दूर ठेवतात, म्हणून मीठ त्यांचे फारसे बिघडवू शकत नाही; रक्तासारख्या खारट द्रवात सोडायच्या लोह-ऑक्साइडच्या औषधी कणांना डेक्स्ट्रानसारखी शर्करा-बहुलके लावतात ती याच कारणाने. त्यामुळे नॅनोद्रवाचा दावा करणाऱ्या एखाद्या निबंधात पाण्याचा सामू, त्यातील क्षार आणि द्रव न हलवता किती दिवस ठेवला होता याची नोंद नसेल, तर त्यातील उष्णतावहनाच्या टक्केवारीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.