पहाटेच्या बादलीसाठी दुपारचं ऊन

हरसूल म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला संभाजीनगरचा तुरुंग आठवतो. हे हरसूल वेगळं. नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेकडे तोंड केलेलं. कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीचा हा डोंगरपट्टा. लिफ्ट आणि बाथटबवालं हॉटेल इथे शोधू नका. पण शेकडो माणसं एका छताखाली झोपतात आणि पहाटे एकाच वेळी न्हाणीघराकडे निघतात, अशा इमारती या भागात आहेत. आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे. आणि तालुक्याच्या गावी, त्र्यंबकला, यात्रेकरूंच्या निवासांची तर रांगच लागलेली आहे. मोठ्या इमारतीला गरम पाणी पुरवायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात कळणार नाही. तिथे पैसा सगळ्या चुका झाकतो. ते कळतं इथे, जिथे वीज जाते, चार महिने सूर्य दिसत नाही आणि उन्हाळ्यात आधी पाणीच मिळवावं लागतं.

हिशेबापासून सुरुवात करू. चारशे मुलांची एक आश्रमशाळा धरा. एका मुलाला पंधरा लिटरची एक बादली, अंगाला सोसेल असं चाळीस अंशांचं पाणी. झालं सहा हजार लिटर. टाकीतलं पाणी साठ अंशांवर असेल आणि नळाचं वीस अंशांवर, तर दोन्ही सारखं मिसळून चाळीसचं पाणी तयार होतं. म्हणजे साठवायचं ते तीन हजार लिटर. आता हे तीन हजार लिटर विसावरून साठावर न्यायला लागणारी उष्णता सुमारे १४० युनिट विजेइतकी भरते. विजेच्या तीन मोटारींच्या बॅटऱ्या रिकाम्यापासून भराव्यात तेवढी. गॅसवर तापवायचं तर १४.२ किलोचा एक घरगुती सिलिंडर पुरायचा नाही. लाकडावर तापवायचं तर, चुलीतली तीन चतुर्थांश उष्णता वाया जाते असं धरलं तर, सव्वाशे किलोच्या आसपास वाळलेलं लाकूड. रोज. जंगलाला लागून असलेल्या गावात सव्वाशे किलो लाकूड कुठून येतं आणि कुणाच्या डोक्यावरून येतं, हे सांगायला नको.

हा सगळा ऊर्जेचा हिशेब झाला. खरी अडचण वेळेची आहे. पाणी लागतं पहाटे पाच ते सात, ऊन असतं दहा ते चार. या दोन वेळांमध्ये तेरा तासांची थंडगार रात्र पडलेली असते. म्हणून या साऱ्या खटाटोपात मुख्य वस्तू टाकी आहे. लोकांना गच्चीवरच्या काळ्या नळ्या दिसतात आणि सगळं कौतुक त्यांच्याच वाट्याला जातं. टाकीकडे बघतो फक्त प्लंबर, तेही ती गळायला लागल्यावर.

साठवणीची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. तांब्याचा बंब हा गरम पाण्याचा साठाच. नाशिकची तांब्यापितळेची भांडी नावाजलेली, पुण्याच्या कसब्यात तर अख्खी तांबट आळी. ठोके घालून घालून पत्रा कडक केलेला, मधून उभा नळा, नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीवर ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या. विस्तव आत आणि पाणी त्याच्या भोवती, त्यामुळे उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा धग कितीतरी कमी वाया जाते. काही बंबांना खाली तोटी असते. पण मला त्यातला दुसरा प्रकार अधिक हुशारीचा वाटतो. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतायचं, ते आतल्या नळीतून थेट बुडाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोंडातून बादलीत पडतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. गरम हलकं, ते वर तरंगतं. दोघांना एकमेकांत मिसळू दिलं नाही की शेवटच्या तांब्यापर्यंत पाणी कढत मिळतं. आजची पाच हजार लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी याच एका नियमावर चालते. गार पाण्याचा पाईप तळाला, गरमचा माथ्याला. टाकी बसकी असण्यापेक्षा उभी आणि उंच असलेली बरी, म्हणजे थर नीट लागतात. गार पाणी जोरात घुसून सगळं ढवळून निघालं, तर साठ अंशांचं अर्धं पाणी उरण्याऐवजी चाळीसचं पूर्ण पाणी उरतं. उष्णता तेवढीच, पण पुढची प्रत्येक बादली आणखी गार होत जाते, आणि रुग्णालयाच्या तर हे पाणी कामाचंच नाही.

सूर्याच्या बाबतीतही खरी उडी टाकीनेच घेतली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून पाणी तापवायचं यंत्र पेटंट केलं. दुपारी पाणी झकास तापायचं, रात्री त्याच काचेतून सगळी ऊब निघून जायची. पुढे १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापवायचं आणि साठवायचं अशी दोन कामं वेगळी केली. उन्हात फक्त नळ्यांची पेटी, आणि तिच्या वरच्या अंगाला उष्णतारोधक वेष्टनातली टाकी. यंत्राचं नाव ठेवलं ‘डे अँड नाइट’. आपल्या गच्च्यांवर आज जे दिसतं ते मुळात बेलीचंच यंत्र.

त्यात पंप नसतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी उतरतं आणि ऊन असेपर्यंत हा फेरा चालू राहतो. मात्र टाकी नळ्यांपेक्षा वरच हवी. सपाट पेट्यांच्या सोलरमध्ये मिस्त्रीने टाकी खाली बसवली, तर रात्री फेरा उलटा फिरतो आणि टाकीतलं गरम पाणी आकाशाला ऊब देत बसतं. हजारो लिटरच्या यंत्रणेत टाकी गच्चीवर चढवणं नेहमी जमत नाही. तिथे पंप लावतात, आणि नळ्यांतलं पाणी टाकीपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त तापलं तरच पंप सुरू करणारा एक छोटा नियंत्रक.

सोलरच्या दुसऱ्या प्रकारातली काचेची नळी हातात घेऊन पाहण्यासारखी असते. एकात एक दोन नळ्या, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या नळीला बाहेरून काळसर लेप. बंद टोकाला आरशासारखा चंदेरी गोल दिसतो, तो बेरियमचा. आतली पोकळी शाबूत आहे तोवर तो चकाकतो. कुठे केसाएवढी चीर गेली आणि हवा शिरली की तो पांढरा फटक पडतो. अशी नळी जागच्या जागी असते, काळीही दिसते, पण पाणी तापवत नाही. खालून एक नजर टाकली तरी वीस नळ्यांत किती मेल्या ते मोजता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. नळीचा दुसरा शत्रू म्हणजे रिकामेपणा. टाकीत पाणी नसताना भर उन्हात नळी दीडशे अंशांच्या पुढे तापते. अशा वेळी दुपारी टँकर आला, कुणी कॉक उघडला आणि गार पाणी आत शिरलं की काच तडकते. हरसूलच्या बाजूला पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी पायपीट, हे ठरलेलं. तेव्हा इथला नियम सोपा आहे. पाणी भरायचं ते सकाळी ऊन चढण्याआधी किंवा दिवस मावळल्यावर.

टाकीच्या आकारातही मोठी काटकसर दडलेली आहे. हजार लिटरच्या एका टाकीचा पृष्ठभाग शंभर लिटरच्या दहा टाक्यांच्या एकूण पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी असतो, आणि उष्णता निसटते ती पृष्ठभागातून. खोलीखोलीत गिझर लावलेली लॉज रात्रभर भिंतीच तापवत असते. पण एकच मोठी टाकी ठेवली की दुसरं दुखणं सुरू होतं, लांबलचक पाईपांचं. चौथ्या मजल्यावरचा यात्रेकरू नळ सोडतो आणि पाईपात रात्रभर निवलेलं पाणी बादल्या भरभरून मोरीत जातं. त्र्यंबकला नारायण नागबळीसाठी आलेली कुटुंबं पहाटेच उठतात. सगळी इमारत एका तासात नळ सोडते. यावर उपाय म्हणजे परतीचा पाईप. गरम पाणी इमारतभर फिरून पुन्हा टाकीत यायचं, म्हणजे कुठल्याही नळाशी ते तयार असतं. त्या पाईपालाही वेष्टन हवं. इथेच कंत्राटदार पैसे वाचवतो, आणि मालक पुढे पंधरा वर्षं ते भरत राहतो.

आता टाकीची एक काळी बाजू. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकी माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने १८२ जणांना गाठलं आणि त्यातले २९ दगावले. सहा महिन्यांनी जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला जंतू सापडला, तो पाण्यात राहणारा निघाला. संघटनेच्या नावावरून त्याला लेजिओनेला म्हणतात. त्या वेळी संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, पण पुढे कळलं की इमारतींच्या कोमट टाक्या आणि शॉवरही त्याला मानवतात. पंचवीस ते पंचेचाळीस अंशांत तो सुखाने वाढतो, साठला मरतो. म्हणजे वीज वाचवायला टाकी चाळीसवर ठेवणं हे रुग्णालयात तरी काटकसरीचं लक्षण नव्हे. उलट साठचं पाणी थेट नळाला सोडलं तर काही सेकंदांतच लहान मुलाची कातडी भाजते. म्हणून साठवायचं साठवर आणि नळाआधी मिश्रणाचा व्हॉल्व्ह लावून चाळिशीला आणायचं. आश्रमशाळेत हा व्हॉल्व्ह चैनीचा म्हणून गाळला जाऊ नये.

सूर्याची उष्णता याहून मोठ्या कामाला लावल्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. आयआयटी मुंबईच्या सहभागातून विकसित झालेली ‘अरुण’ नावाची, सुमारे १६० चौरस मीटरची तबकडी २००६ मध्ये लातूरच्या महानंद डेअरीत उभी राहिली. ती सूर्याच्या मागे मागे फिरणारी. पाण्यावर दाब ठेवून ते शंभर अंशांच्या पुढे तापवायचं, वेष्टनाच्या टाकीत साठवायचं आणि त्यावर दूध पाश्चराइझ करायचं, अशी ही योजना. दूध डेअरीत येतं ते आपल्या वेळेने, त्यामुळे इथेही टाकीशिवाय गाडी हलत नाही.

हरसूलला एवढं नको. आपल्या त्या तीन हजार लिटरला सपाट पेट्यांचं क्षेत्र लागेल साठ चौरस मीटर, शंभर लिटरला दोन या ढोबळ मापाने. एवढी जागा शाळेच्या गच्चीवर सहज निघते. अडतं ते देखभालीवर. सोलर बसवताना निविदा निघते, उद्घाटन होतं. फुटलेली काच बदलायला मात्र कुणाच्या खात्यात पैसे नसतात. बोअरच्या जड पाण्याने टाकीतल्या विजेच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर चढतो, टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून पत्र्याला गंजापासून वाचवतो आणि दोन-तीन वर्षांत संपतो. तो बदलायचा असतो, हेच वॉर्डनला कुणी सांगितलेलं नसतं. मग यंत्र बंद, आणि गच्चीखाली पुन्हा लाकडाचा धूर. आश्रमशाळा पाहणारं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. टाकीच्या कागदांबरोबर दरवर्षीच्या देखभालीचं कलम जोडणं काही दिल्लीहून यायला नको.

आणि ढगांचं काय? जून ते सप्टेंबर या भागात सोलरच्या भरवशावर राहता येत नाही, जोडीला विजेची कॉइल किंवा हीट पंप लागतोच. हीट पंप बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतो आणि एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांचं काम करतो. सिंहस्थासाठी त्र्यंबकला नव्या खोल्या बांधणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. साध्या कॉइलवरच भागवायचं असेल तर ती टाकीत कुठे बसते ते मात्र विचारून घ्यावं. सर्रास ती तळाला बसवतात आणि संध्याकाळी सहालाच बटण दाबून ठेवतात. रात्रभर सगळी टाकी विजेवर गरम राहते, पहाटेच्या आंघोळी झाल्या की कॉइल पुन्हा टाकी तापवून ठेवते, आणि ऊन वर येतं तेव्हा सूर्याला तापवायला काही उरतच नाही. आठ महिने असं चाललं की मुख्याध्यापक म्हणतात, सोलर लावूनही बिल कमी होत नाही. कॉइल टाकीच्या मध्यावर घ्यावी, म्हणजे वरचं अर्धं पाणी वीज तापवेल आणि खालचं उन्हासाठी राखून राहील. टायमर लावावा तो पहाटे तीनचा. आणि उन्हाळा-हिवाळ्यात, आदल्या दिवशी कडक ऊन पडलेलं असेल तर, बटण बंदच ठेवावं.