परतीच्या वचनाची अनामत

परदेशातून आलेला पाहुणा मुदत संपताच परत जाईल, याची खात्री करून घेण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो खात्रीच्या साधनाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने पर्यटन व व्यवसायासाठी येणाऱ्यांच्या व्हिसाला अनामत रकमेची अट जोडण्याचा प्रयोग आरंभिला. ५,०००, १०,००० किंवा १५,००० डॉलर भरावयाचे. वेळेत परतल्यास ते परत मिळावयाचे, मुक्काम लांबविल्यास जप्त व्हावयाचे. प्रारंभी मलावी व झांबिया या आफ्रिकी देशांची निवड झाली.

भारतीयांना ही कल्पना अपरिचित नाही. जून २०१३ मध्ये ब्रिटनने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया व घाना येथील 'धोक्याच्या' प्रवाशांकडून ३,००० पौंड, म्हणजे तेव्हाचे सुमारे पावणेतीन लाख रुपये, घेण्याचा बेत आखला होता. तीव्र निषेधानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो सोडून देण्यात आला.

अनामत परत मिळते, मग तक्रार कशाला, असे विचारले जाते. परंतु मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई ती रक्कम कर्जाऊ काढील, तर मुद्दल परत येईल. सावकाराचे व्याज येणार नाही. मलावीत तर किमान अनामतही दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या आठपटींहून अधिक भरते.

याहून गंभीर दोष असा की, अनामत माणसाची ऐपत मोजते, हेतू नव्हे. ज्याला कायमचे राहावयाचेच आहे, तो जप्त होणारी रक्कम प्रवेशाची किंमत समजेल आणि तेथील मजुरीतून ती वसूल करील. परतण्याचा प्रामाणिक हेतू असलेला, पण पैसा उभा करू न शकणारा मात्र घरीच राहील. धान्य गळावे आणि खडे उरावेत, अशी ही चाळणी आहे.

ज्यांना एरवी नकारच मिळाला असता, त्यांना अनामतीचा पर्याय दिला असता, तर ते एक जादा दार ठरले असते. अमेरिकेच्या योजनेत मात्र अन्य सर्व निकषांवर पात्र ठरलेल्यालाच ही रक्कम मागितली जाते. म्हणजे दार नव्हे, आणखी एक भिंतच! शिवाय अनामत कोणाकडून मागावयाची हे ठरविताना व्यक्तीच्या आधी तिचे पारपत्र पाहिले जाते. देशबांधवांपैकी काहींनी मुदत मोडली, म्हणून निरपराध माणसाने जामीन द्यावा, हा न्याय कोणता?