जुन्या बोलेरोला दूरस्थ कुलूप

पेण तालुक्यातील हमरापूर आणि शेजारचे जोहे ही गणेशमूर्तींची गावे. मूर्ती भरताना गाडीची सगळी दारे पुन्हा पुन्हा उघडावी लागतात आणि निघताना एखादे कुलूप लावायचे राहून जाते. गाडी नवी असेल तर एक बटण पुरते. पण २००० साली बाजारात आलेल्या महिंद्रा बोलेरोच्या जुन्या, साध्या मॉडेलला ही सोय नंतर बसवावी लागते. ती काम कशी करते?

दाराच्या आतला भाग सोपा आहे. कुलपाच्या मूळ सळईला एक छोटी मोटर जोडतात. विद्युतप्रवाह एका दिशेने गेला की सळई ओढली जाते, उलट दिशेने गेला की ढकलली जाते. दिशा बदलण्याचे काम दोन रिले करतात. प्रवाह सेकंदभरही लागत नाही. चालकाच्या दारातील मोटरला बहुधा पाच तारा असतात: दोन मोटरच्या, तीन तिच्यातील स्विचच्या. त्यामुळे त्या दारात किल्ली फिरवली तरी बाकीची दारे तिच्यामागे जातात. (कॅनव्हासच्या हुडाच्या जीपला मात्र हा खर्च करू नये, तिथे चोराला किल्ली नव्हे, चाकू लागतो.)

खरा प्रश्न रेडिओसंदेशाचा आहे. असे अनेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर येते. तिचा चौथा हिस्सा १७ सेंटिमीटर, म्हणून ग्राहकाच्या अँटेनाची तार साधारण तेवढीच असते. ती पत्र्याला चिकटवून ठेवली तर पल्ला घटतो.

स्वस्त संचात संकेत कायमचा ठरलेला असतो. आठ जागा आणि प्रत्येकीच्या तीन अवस्था धरल्या, तर ३ चा आठवा घात, म्हणजे फक्त ६,५६१ संकेत होतात. पण चोराला तेवढेही प्रयत्न करावे लागत नाहीत. एका साच्यातील मूर्तींप्रमाणे प्रत्येक संदेश तोच असल्याने, जवळ उभे राहून एकदा ध्वनिमुद्रणासारखा टिपून ठेवला की पुरे.

यावर उपाय म्हणजे बदलता संकेत. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात तयार झालेली ‘कीलॉक’ ही त्यातील प्रसिद्ध पद्धत. रिमोटमधील गणक प्रत्येक दाबाला एकाने वाढतो. तो आकडा ६४ बिटांच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद होऊन जातो. गाडीतील ग्राहक तो उलगडतो आणि आपल्याकडील शेवटच्या आकड्यापेक्षा थोडा पुढचा असेल तरच दार उघडतो. टिपलेला जुना संदेश मागचा ठरतो. अर्थात हीही अभेद्य नाही: २००८ साली जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी, चिप चालताना किती वीज घेते ते मोजून गुप्त किल्ली शोधून दाखवली. तरी ठरलेल्या संकेतापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी.

विकत घेताना रिमोट उघडून पाहावा. आत छोट्या स्विचांची ओळ दिसली तर संकेत ठरलेला समजावा. ओळ नसली म्हणून मात्र खात्री होत नाही. आपल्याच गाडीवर एक प्रयोग करता येतो. पल्ल्याच्या बाहेर जाऊन बटण तीसेक वेळा दाबा आणि परत या. कीलॉकचा ग्राहक सहसा पुढच्या १६ आकड्यांपर्यंतच लगेच मान्य करतो. त्यामुळे पहिल्या दाबाला दार गप्प राहील. दुसऱ्या दाबाला लागोपाठचे दोन आकडे जुळलेले पाहून ते उघडेल.